आखलेल्या वह्या

गेल्या वर्षी माझी नात महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरत बसली होती. नाव, जन्मतारीख, गुण हे सारे भरून झाले आणि एका चौकटीपाशी तिचे बोट थांबले. 'आजोबा, ह्यांनी तुमची पॅशन कोणती असं विचारलंय. आवडीनिवडी वर विचारून झाल्यात, छंदही वेगळे विचारलेत. मग हे तिसरं काय? मराठीत काय म्हणतात ह्याला?'

मी चटकन 'ध्यास' म्हणालो. तिने तो शब्द मनाशी एकदोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाली, 'ध्यास मोठा वाटतो हो. तसं माझ्याकडे काही नाही.' तिने ती चौकट तूर्त रिकामी ठेवली. मला मात्र तिच्या त्या उत्तराने बराच काळ अस्वस्थ केले. सत्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ती चौकट मला तरी भरता आली असती काय, हा प्रश्न माझ्यापुढे त्या संध्याकाळी प्रथमच इतक्या स्पष्टपणे उभा राहिला.

मनाच्या ओढीसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. आवड हा त्यांतला सर्वांत निरुपद्रवी शब्द. आवड असते आणि नसते; ती असल्याने कोणाचे बिघडत नाही, ती भागली नाही तरी कोणी आजारी पडत नाही. हौस तिच्याहून थोडी खर्चिक. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द. उत्तरेकडे 'हवस' म्हटले की त्यात लालसेचा, वासनेचा दर्प येतो. आपल्याकडे मात्र तोच शब्द सोवळा झाला, मुंजीच्या मांडवात आणि डोहाळजेवणात सुखेनैव वावरू लागला. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो खरे. पण हौस एकदा भागली की संपते, हा तिचा स्वभावच आहे.

छंदाचे तसे नाही. तो भागत नाही, चालू राहतो. पण तो आपली पायरी ओळखून असतो. दिवसाची कामे आटोपल्यावर उरलेल्या वेळेत तो अंग चोरून बसतो. 'छंद' म्हणजे वृत्त आणि 'छंद' म्हणजे इच्छाही. मला वाटते, इच्छेला वृत्ताचे बंधन मानवले की छंद होतो. नाद लागतो तेव्हा हे बंधन सुटते. नादी लागलेल्या माणसाकडे शेजारीपाजारी किंचित कीव, किंचित कुतूहल अशा नजरेने पाहतात. हव्यासात वस्तू हवी असते आणि ती मिळाली की आणखी हवी असते. व्यसन तर मुळात संकटाचेच नाव. कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांना दिले आहे, आणि त्यात राजाच्या मद्यपानाबरोबर राज्यावर येणाऱ्या आपत्तींचाही विचार आहे. आपण त्यातील आपत्ती विसरलो आणि मद्यपान तेवढे लक्षात ठेवले.

ह्या साऱ्या गोतावळ्यात ध्यास कोठे बसतो? ध्यान, ध्येय, ध्यास ही एकाच कुळातली मंडळी. त्याच कुळातला एक भारदस्त शब्द आहे निदिध्यास. श्रवण, मनन आणि निदिध्यासन ह्या तीन पायऱ्या आपल्या परंपरेत पाठ झालेल्या आहेत. परंतु त्या प्रथम कोठे आणि कोणाला सांगितल्या गेल्या, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. दोघी भार्यांत मालमत्तेची वाटणी करावी, असे तो मैत्रेयीला सांगतो. ती धन नाकारून ज्ञान मागते, आणि त्या संवादात हा उपदेश येतो. मैत्रेयीचे प्रश्न आपण गौरवाने आठवतो. दुसरी भार्या कात्यायनी हिला त्या संवादात एकही वाक्य नाही. घर मात्र बहुधा तिनेच चालवले असावे. ध्यासाचा विचार करू लागलो की मला याज्ञवल्क्याआधी कात्यायनी आठवते. त्याला कारण आमचे घर.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, बडोद्याला रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून होते. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने दोनतीन पिढ्यांपूर्वी आलेल्या मराठी कुटुंबांचे ते बडोदे. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि मैफलीत हिंदुस्थानी अशी तेथली रीत. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी जेथे गायनशाळा काढली, आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ ज्या दरबारात गायले, त्या गावात एखाद्या कारकुनाला गाण्याचा नाद लागावा ह्यात नवल नव्हते. तसे नादी लोक गल्लोगल्ली होते. अण्णांचा प्रकार निराळा होता. ते गात नसत. त्यांचा आवाज बसका होता आणि ते त्यांना ठाऊक होते. ते लिहून घेत.

मैफलीत मागच्या बाजूला, खांबाशी पाठ टेकून ते बसत. मांडीवर वही, हातात पेन्सिल. ऐकलेली बंदिश भातखंडे लिपीत उतरवून घ्यायची, एवढाच त्यांचा उद्योग. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एका मात्रेत दोन स्वर आले तर त्यांच्याखाली छोटी चंद्रकोर. ही अक्षरे मला बाराखडीबरोबरच ओळखू येऊ लागली. घरी आल्यावर रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली ते कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवून काढीत. जेथे ऐकण्यात शंका राहिली असेल तेथे तेवढ्या मात्रा कोऱ्या ठेवीत आणि समासात बारीक अक्षरात लिहीत, 'पुन्हा ऐकणे'. काही जागा दहादहा वर्षे कोऱ्या राहिल्या. छापील पुस्तकात ती बंदिश असली तरी पुस्तक पाहून ते जागा भरीत नसत. 'पुस्तकात आहे ते पुस्तकात आहे. मी ऐकलं ते इथं,' असे त्यांचे उत्तर असे.

ज्यांच्या लिपीत अण्णा लिहीत त्या विष्णु नारायण भातखंड्यांचे नाव आमच्या घरी देवाच्या नावासारखे घेतले जाई. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत तो गाणे शिकला, तेव्हा अनेक सुखवस्तू सुशिक्षितांसारखा तोही एक हौशी होता. १९०० मध्ये पत्नी वारली, १९०३ मध्ये एकुलती मुलगी गेली. त्यानंतरच्या वर्षी तो दक्षिणेच्या प्रवासाला निघाला. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटला, व्यंकटमखीच्या ग्रंथाची प्रत मिळवली. पुढील प्रवास गुजरातेपासून बंगालपर्यंत झाले. खाँसाहेब आणि बुवा आपल्या चिजा प्राणापलीकडे जपणारे. त्यांची मनधरणी करावी, कधी स्वतः त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसावे, आणि मिळेल ते लिहून घ्यावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९१६ मध्ये आमच्याच बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्या खटपटीने. १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या घरात बंदिशी छापल्या गेल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. त्यांच्या थाटपद्धतीवर कितीही आक्षेप घ्या. आणि ते घेतले गेले, घेतलेही जावेत. पण ह्या देशातला कोणताही विद्यार्थी आज संध्याकाळी यमनची बंदिश कागदावरून वाचू शकतो, त्यात त्या वकिलाच्या पायपिटीचा वाटा आहे.

भातखंड्यांच्या चरित्रातील १९०३ आणि १९०४ ही लागोपाठची दोन वर्षे मी पुष्कळदा न्याहाळली आहेत. घर रिकामे झाले म्हणून माणूस प्रवासाला निघाला, की प्रवास त्याच्या मनात आधीपासूनच होता आणि घराने तेवढी वाट अडवून धरली होती? ह्याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचीही तीच गोष्ट. पत्नी तारुण्यातच निवर्तली, पुन्हा लग्न केले नाही, आणि मग दप्तरांच्या शोधात उभा महाराष्ट्र पायाखाली घातला. मोडी कागदांचे बावीस खंड हाती आले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ही माणसे एकटी होती. त्यांच्या ध्यासाची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली, दुसऱ्या कोणाच्या पदरी ती पडली नाही. म्हणूनच त्यांची चरित्रे आपण निर्धास्तपणे मुलांच्या हाती देतो.

दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत ही सोय नाही. इंग्रजी 'पॅशन' हा शब्द लॅटिनमधल्या सोसण्याच्या धातूवरून आला आहे. ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांना ख्रिस्ती जगात हेच नाव आहे. आणि योगायोग असा, की फाळक्यांना ज्याने झपाटले तो गिरगावातल्या तंबूत पाहिलेला चित्रपट ख्रिस्ताच्या जीवनावरचा होता. त्यानंतर दिवसरात्र चित्रपट पाहून डोळे बिघडले. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ मध्ये ते विलायतेला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. हे सर्वांना पाठ आहे. परंतु कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात एकेक भोक पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्यात त्यांचा हात असे, दागिने त्यांचे गेले, आणि चित्रीकरणाला जमलेल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच चुलीवर होई. सोसणे हा पॅशनचा मूळ अर्थ धरला, तर त्या घरात पॅशन कोणाची होती असा प्रश्न मला पडतो.

आमच्या घरी दागिने फार नव्हते. दोन पाटल्या होत्या. त्या आईने ताईच्या लग्नासाठी म्हणून पेटीच्या तळाशी ठेवल्या होत्या. १९५९ च्या पावसाळ्यात अण्णांनी त्यांतली एक सोनाराला दिली आणि रेडिओ आणला. शनिवारी रात्री आकाशवाणीवरून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होत असे. तो १९५२ मध्ये सुरू झाला होता आणि सात वर्षे अण्णा तो शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर बसून ऐकत होते. ओसरीवर बोलणी चालत, मुले रडत, आणि वहीतल्या कोऱ्या मात्रा वाढत. पाटली देण्यापूर्वी त्यांनी आईला विचारले होते की नाही, हे आम्हा मुलांना कधी कळले नाही. रेडिओ आला त्या दिवशी मी अकरा वर्षांचा होतो आणि मला भलताच आनंद झाला. बुधवारी सिलोनवरची गीतमाला आता आपल्या घरी लागणार, एवढाच माझा हिशेब. ताई काही बोलली नाही. आईने रेडिओखाली पसरायला भरतकामाचा रुमाल दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या वयात मला अण्णांचा राग येत असे, तो पाटलीसाठी नव्हे. राग येई तो त्यांच्या चेहऱ्याचा. मी समजत होतो की ज्याला एखाद्या गोष्टीची एवढी ओढ आहे तो ती करताना सुखात असला पाहिजे. अण्णा सुखात दिसत नसत. मित्र गाणे ऐकताना माना डोलवीत, दाद देत, डोळे पुशीत. अण्णांच्या कपाळाला आठी असे. मैफल संपल्यावर ते तृप्त होऊन परतण्याऐवजी एखादी निसटलेली मात्रा शोधत चालत. आज मला वाटते, ध्यास आणि त्याची ही सारी भावंडे ह्यांतला फरक तेथेच होता. आवड, हौस, छंद, नाद, फार काय व्यसनसुद्धा, ह्या सगळ्यांच्या मध्यभागी 'मला' हा शब्द आहे. मला बरे वाटते, मला हवे आहे, मला राहवत नाही. ध्यासात तो शब्द हळूहळू पुसट होतो. तेथे काहीतरी व्हायला हवे असते, आणि ते होण्यासाठी आपण केवळ हाताशी असलेले माणूस असतो. भक्तीची गोष्ट अशीच असते असे म्हणतात. पण भक्ताला निदान देवाच्या दर्शनाची आस असते. अण्णांच्या देवाला तोंड नव्हते. पुढच्या शनिवारी उरलेल्या चार मात्रा कानी पडाव्यात, एवढीच त्यांची मोक्षाची कल्पना. आणि त्यातला बराच भाग निव्वळ कंटाळवाण्या कष्टांचा होता. ध्यासाला आपण ज्वाला म्हणतो, वादळ म्हणतो. आमच्या घरी तो पेन्सिलीला टोक काढण्याच्या रूपाने नांदत होता.

मी स्वतः दोन वर्षे गाणे शिकलो आणि सोडले. पुढे बँकेत नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, ताईचे लग्न उशिरा पण नीट झाले. मला वाचनाची आवड आहे, प्रवासाची हौस आहे, अधूनमधून असे चार शब्द लिहिण्याचा छंद आहे. ध्यास मात्र माझ्या वाटेला आला नाही. ह्याचे मला वाईट वाटते की मनातल्या मनात मी सुटलो असे वाटते, हे अजूनही ठरवता येत नाही.

अण्णा १९८८ मध्ये गेले. मागे ३१ वह्या राहिल्या. त्या मी एका मान्यवर संस्थेकडे नेऊन दिल्या, तेव्हा माझ्या मनात पित्याचे ऋण फेडल्याचे समाधान होते. आठ महिन्यांनी वह्या परत आल्या. सोबतच्या पत्रात सौजन्यपूर्वक कळवले होते की, ह्यांतील बहुतेक रचना पूर्वीच प्रकाशित झालेल्या आहेत आणि उर्वरित रचनांची पडताळणी करणे शक्य नाही. पत्रात अन्यायाचे काही नव्हते. तरी ते वाचून माझ्या मनात जे आले ते मला आज लिहिताना संकोच वाटतो. मला वाटले, म्हणजे एवढे सारे फुकटच. भातखंडे भातखंडे झाले म्हणून तो ध्यास. अण्णांचे काही झाले नाही म्हणून तो नाद, इतकाच काय तो भेद. फळ आले की एक शब्द आणि नाही आले की दुसरा.

ते पत्र मी आईला वाचून दाखवले. ती तेव्हा सत्तरीच्या जवळ आली होती. ती म्हणाली, 'नाद म्हणू नकोस. नाद असता तर मी सांगितल्यावर कधीतरी सुटला असता. आणि व्यसन असतं तर मीच तुम्हाला घेऊन माहेरी गेले असते. त्यातलं काही नव्हतं ते.'

'मग काय होतं?' मी विचारले.

'ते मला कुठं कळत होतं? तुला शिकवलंय, तू सांग.'

त्या रात्री मी वह्या लावून ठेवायला बसलो आणि प्रथमच, स्वर न वाचता, नुसती पाने पाहत गेलो. बंदिश लिहायची तर पान आधी आखावे लागते. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, मध्ये उभ्या रेघा. अण्णा तर दिवसभर कचेरीत. ह्या रेघा आई दुपारी आखून ठेवीत असे. लाकडी पट्टी आणि निळी पेन्सिल घेऊन खिडकीशी बसलेली ती मला चांगली आठवते. पहिल्या वहीपासून त्या रेघा सुतात धरल्यासारख्या सरळ आहेत. अकराव्या वहीत, १९५९ च्या जुलैपासून, त्या एकाएकी बदलतात. पट्टी हललेली, रेघ वर जाड खाली बारीक, विभाग लहानमोठे, शेवटची मात्रा समासात गेलेली. ती अण्णांच्या हातची आखणी होती. तारखा पाहत गेलो. पाच महिने, चाळीसएक पाने. ह्या पाच महिन्यांत घरात एकही भांडण झाल्याचे मला आठवत नाही. आई नेहमीप्रमाणे वाढत होती, बोलत होती, शनिवारी रेडिओ लागला की आम्हाला गप्प बसवत होती. आणि डिसेंबरच्या मध्यावर एका पानापासून निळ्या रेघा पुन्हा सरळ झाल्या आहेत. त्या थेट एकतिसाव्या वहीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी ती वही आईपुढे धरली. तिने चष्मा लावून पाने उलटली. वाकड्या रेघांपाशी आल्यावर ती किंचित हसली, किंवा मला तसे वाटले. पाटलीचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. मी एवढेच विचारले, 'मग परत का आखायला लागलीस?'

तिने वही मिटली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली. 'रेघा वाकड्या यायच्या रे त्यांच्या,' ती म्हणाली. 'बघवेना.'

तिच्या ह्या कृतीला कोणता शब्द लावावा हे मी अनेक वर्षे शोधतो आहे. आवड म्हणावे तर तिला गाण्यातले काही कळत नव्हते. कर्तव्य म्हणावे तर ते तिने पाच महिने बेलाशक सोडून दिले होते. क्षमा म्हणावे तर तसे ती म्हणाली नाही. नातीचा अर्ज पुढे कसा भरला गेला ते मी विचारले नाही. वह्या मात्र मी तिला दाखवल्या. स्वर तिला वाचता आले नाहीत. पण अकरावी वही उघडल्यावर तिचे लक्ष गेले ते रेघांकडे, आणि ती म्हणाली, 'आजोबा, इथं कोणीतरी दुसऱ्यानं आखलंय.'